एकतीस हजार दोनशे साठ

पुस्तक स्वतः छापायचं, स्वतः विकायचं आणि आलेले पैसे युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या माणसांपर्यंत पोहोचवायचे, असं कुणाच्या मनात असेल तर हा लेख त्यांच्यासाठी. मला या सगळ्याला जानेवारी ते नोव्हेंबर २०२५ असे अकरा महिने लागले. त्यातला निम्मा वेळ काय कुठे विचारायचं हे माहीत नसल्यामुळे गेला. तो तुमचा वाचावा.

सुरुवात भाच्यापासून झाली. तो खारकीवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला आणि पुढचा आठवडा तो हॉस्टेलच्या तळघरात राहिला. २ मार्चला आपल्या दूतावासाचा निरोप आला: खारकीव ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा. तो पेसोचिनपर्यंतचे अकरा किलोमीटर चालला. तिथून काही दिवसांनी बस, मग ट्रेन, मग सीमेपलीकडे पोलंडमधलं प्शेमिश्ल. तिथल्या स्टेशनवर एका बाईंनी त्याला बिटाचं गरम सूप आणि कोरडे मोजे दिले. सूप त्याला मुळीच आवडलं नाही. मोजे अजून कपाटात आहेत.

माझी बहीण कोल्हापूरजवळ गांधीनगरला राहते. वळिवड्याची छावणी ती हीच. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ इथे राहिले. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि छावणीचं गाव झालं. बहिणीच्या सासूबाईंनी मोज्यांची हकीकत ऐकली आणि सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "फिटलं म्हणायचं त्यांचं." मला मात्र वाटत राहिलं की आता आमच्या अंगावर चढलं.

त्या आठवड्यात मी वहीत लिहायला लागले. आधी फक्त रशिया-युक्रेन, मग एकातून दुसरं. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये दोन जनरलांची आपसात जुंपली, त्यावर लिहिलं. गाझा, सीरिया, म्यानमार. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, राजकारणाची अभ्यासक वगैरे नाही. ऑफिस सुटल्यावर स्वारगेटच्या गर्दीतून घरी यायचं, कुकर लावायचा आणि वही काढायची. दोन लेख दिवाळी अंकांत आले. सुदानचा लेख एका संपादकांनी "सुदान कोण वाचणार, ताई?" म्हणून साभार परत केला.

मग डिसेंबर २०२४ मध्ये एक लाजिरवाणी गोष्ट झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठराव केला होता की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास-मदतीला द्यावी. तो बहुतेकांनी कधीच पाळला नाही. ब्रिटन ०.७ वर होता, तो २०२१ मध्ये ०.५ वर आला. यावर मी चांगले दात-ओठ खाऊन नऊ पानं लिहिली होती. लिहून झाल्यावर, हिशेबनीस असल्यामुळे असेल, सहज माझाच आकडा काढून पाहिला. वर्षाचा पगार ५ लाख ४० हजार. त्याचे ०.७ टक्के म्हणजे ३,७८०. मी वर्षभरात दिलेले, गणपतीची वर्गणी धरून, २,१००. म्हणजे ०.३९ टक्के. ब्रिटनच्या खाली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वर्गणी धरू नकोस, अजून खाली जाशील."

तेव्हा ठरलं की वहीचं पुस्तक करायचं आणि जे येईल ते द्यायचं. आकडा तरी वर येईल.

६ जानेवारीला नारायण पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात गेले. छापखान्याच्या काकांनी कागदावर गणित मांडून दिलं: डेमी आकार, ९६ पानं म्हणजे सोळा-सोळाचे सहा फॉर्म, आत ७० जीएसएमचा कागद, परफेक्ट बाइंडिंग, ३०० प्रती, प्रत ६२ रुपयांना. एकूण १८,६००. "पाचशे घेतल्यात तर प्रत स्वस्त पडेल," असं सगळेच म्हणतात. घेऊ नका. उरलेल्या प्रती ठेवायच्या कुठे याचा विचार आधी करा, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पलंगाखालची जागा मर्यादित असते.

मुखपृष्ठावर मी एक ओळ टाकायला सांगितली होती: विक्रीची संपूर्ण रक्कम युद्धग्रस्तांना. काकांनी ती पेन्सिलीने खोडली. "हे लिहिलंत की तुम्ही लोकांकडून दानाचे पैसे गोळा करताय असं होईल. विचारून घ्या." आमच्या खालच्या मजल्यावर मंडळाचे खजिनदार राहतात, त्यांना विचारलं. त्यांना तोंडपाठच होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ४१ क. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. मंडळं दर वर्षी वर्गणीआधी ही परवानगी ऑनलाइन काढतात. खजिनदार म्हणाले, "वहिनी, पुस्तक पुस्तक म्हणून विका. पैसे तुमचे झाले की मग तुम्ही ते कुणालाही द्या." ओळ गेली ती बरंच झालं. ती ठेवली असती तर लोकांनी पुस्तक घेतलं असतं आणि वाचलं नसतं.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा असतो. तो फुकट आहे, हे ठळक अक्षरात वाचा. मला एका एजंटाने दीड हजार सांगितले होते. लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. १० फेब्रुवारीला केला. नऊ दिवसांनी आक्षेप आला: पुस्तकावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं. पुस्तकावर मी माहेरचं नाव लावते, आधारवर सासरचं आहे. लग्न होऊन एकोणतीस वर्षं झाली, पण कुठल्या ना कुठल्या खिडकीवर हा प्रश्न येतोच. दोन्ही नावं एकच असल्याचं पत्र आणि सुधारलेलं शीर्षकपान जोडलं, ६ मार्चला क्रमांक आला. चोवीस दिवस. मुखपृष्ठ करायला देण्याआधी अर्ज करा, नाहीतर बारकोडच्या जागी चौकोन ठेवून सगळे वाट बघत बसतात.

या मधल्या काळात जग थांबलं नव्हतं. सीरियाचा लेख मी वर्तमानकाळात लिहिला होता. ८ डिसेंबर २०२४ ला तिथले अध्यक्ष असद देश सोडून पळाले आणि माझी सगळी क्रियापदं शिळी झाली. ती बसून बदलली. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. सुदानमधली शेकडो सामुदायिक स्वयंपाकघरं त्या एका सहीने बंद पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझमच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता, त्याच देशात. फेब्रुवारीत ब्रिटनने २०२७ पर्यंत ०.३ वर येणार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे माझी नऊ पानं पुन्हा कोरी. १ जुलैला अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्थाच संपली, तेव्हा फॉर्म मशिनवर चढायचे होते. काकांनी एका परिच्छेदासाठी थांबायला दिलं, एका परिच्छेदाच्या वर नाही. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर तर ऑफिसमध्ये, सोसायटीत, सगळ्यांनी सांगितलं, "पाकिस्तानवर एक लेख घाला, हातोहात खपेल." खपलं असतं. पण मला त्यात टीव्हीपेक्षा वेगळं काही सांगण्यासारखं सापडलं नव्हतं.

मुद्रितशोधन एका निवृत्त मराठीच्या शिक्षिकांनी केलं, पानाला २० रुपये, १,९२०. त्यांनी पहिलं प्रूफ परत दिलं तेव्हा समासात टिकमार्कांची रांग होती. "हृदय पिळवटून टाकणारं हे तुमच्याकडे अकरा वेळा आलंय. जगाचं राजकारण लिहिताय की श्रद्धांजली?" मी वाद घालायच्या तयारीने घरी आले आणि अकराही जागा वाचल्या. प्रत्येक ठिकाणी मला नीट माहिती नव्हती, म्हणून ते वाक्य येऊन बसलं होतं. जिथे किती माणसं, कुठल्या रस्त्याने, कुणी अडवलं हे ठाऊक होतं तिथे हृदय आपोआप बाहेर राहिलं होतं. अकरातली नऊ वाक्यं नुसती काढली, दोन ठिकाणी परत वाचून माहिती घातली. पुस्तक चार पानांनी कमी झालं, ती जागा म्यानमारला मिळाली.

संगणकावरच्या युनिकोड मराठीतून छापखान्याच्या श्रीलिपी या टंकप्रणालीत मजकूर नेताना अक्षरं फुटतात, हे सांगून ठेवते. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि 'युद्ध'चं 'युध्द' होतं. युद्धावरच्या पुस्तकात हा शब्द किती वेळा येत असेल! तीन प्रुफं काढली, तरी पान ५८ वर एक राहिलाच.

११ जुलैला प्रती घरी आल्या. प्रकाशन समारंभ वगैरे केला नाही. किंमत १५० ठेवली. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढल्याचं जरा ओशाळवाणं वाटायचं, तेव्हा मी आंरी द्युनाँची आठवण काढायचे. सोल्फेरिनोच्या १८५९ च्या लढाईनंतर रणांगणावर टाकलेल्या जखमींबद्दल त्याने १८६२ मध्ये स्वखर्चाने १,६०० प्रती छापल्या आणि युरोपभर वाटल्या. त्यातून रेड क्रॉस उभी राहिली, आणि तो पुढे दिवाळखोर झाला. दुसरा भाग मी नवऱ्याला सांगितला नाही.

बहुतेक हौशी प्रकाशक एक गोष्ट विसरतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत पुस्तकाच्या प्रती स्वतःच्या खर्चाने चार सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथलं एकेक. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त टपालसेवा बंद झाली होती, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. खिडकीवर नाव घेऊन मागा. मी नुसतं "पुस्तक पाठवायचंय" म्हटलं तर समोरच्या बाईंनी स्पीड पोस्टचाच दर सांगितला होता.

विक्रीचं थोडक्यात. अप्पा बळवंत चौकातल्या दोन दुकानांनी ४० टक्के कमिशनवर प्रती ठेवून घेतल्या, तिथून ३४ गेल्या. बाकी १८८ मी स्वतः विकल्या: ऑफिस, नातेवाईक, भिशी, आणि सर्वात जास्त सोसायटीच्या गणपतीत मोदकांच्या स्टॉलशेजारी टेबल टाकून. खजिनदारांनी टेबलाचं भाडं घेतलं नाही, पण सुट्टे पैसे पाचही दिवस माझ्याकडूनच नेले. ४१ प्रती भेट, ४ ग्रंथालयांना, ३३ उरल्या.

दिवाळीनंतर हिशेब केला. थेट विक्रीचे २८,२००, दुकानांतून ३,०६०. एकूण ३१,२६०. खर्च: छपाई १८,६००, मुखपृष्ठ ३,०००, मुद्रितशोधन १,९२०, टपाल १,४८०. बरोबर २५,०००. म्हणजे अकरा महिने धावपळ करून जगाला द्यायला उरले ६,२६०. मी रात्री बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग खर्च माझ्या खात्यावर टाकला आणि आलेले सगळे ३१,२६० द्यायचे ठरवले. नवरा म्हणाला, "म्हणजे हौस पंचवीस हजारांची." खरं आहे. लिहिण्याचा खर्च माझा, त्याचा भार सुदानवर का टाकायचा?

पण सुदानला पैसे गेलेच नाहीत, त्याचंही सांगते. मला वाटलं होतं, भारतातल्या एखाद्या ८० जीवाल्या (तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या त्या कलमाने देणगीवर करसवलत मिळायची) संस्थेला द्यायचे, ती पाठवेल. आमच्या सीएंनी समजावलं. भारतीय न्यासाने देशाबाहेर केलेला खर्च करमाफीसाठी एरवी धरला जात नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. म्हणून बहुतेक संस्था इथे घेतलेले पैसे इथेच खर्च करतात, पत्रकावर फोटो कुठलाही असो. देण्याआधी सरळ विचारा, "हे पैसे कुठे खर्च होणार?" आणि ८० जीची सूट नव्या करप्रणालीत नाही. मी नव्या प्रणालीत आहे, त्यामुळे मला एक रुपयाही वाचणार नव्हता. जुन्या प्रणालीतल्यांनी दोन हजारांच्या वर रोख देऊ नये, आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (तेव्हा फॉर्म १० बीई) मागून घ्यावं. नुसती पावती पुरत नाही.

तेव्हा दोन वाटे केले. १६,२६० मिझोरमच्या एका नोंदणीकृत संस्थेला. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथले चिन जमातीचे ३० हजारांहून अधिक लोक सीमा ओलांडून मिझोरममध्ये आले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर ते निर्वासितसुद्धा नाहीत. मिझो लोकांनी मात्र भाऊबंद म्हणून त्यांना ठेवून घेतलं. माझा म्यानमारचा लेख याच्यावरच होता. एनईएफटी केलं, तिसऱ्या दिवशी पावती. काही सांगण्यासारखं घडलंच नाही.

उरलेले १५,००० प्शेमिश्लच्या स्टेशनवर भाच्याला सूप आणि मोजे देणाऱ्या गटाला. भाच्याने खटपट करून तिथलं स्वयंपाकघर चालवणाऱ्यांचा पत्ता मिळवला होता. आता ते युक्रेनी मुलांचे वर्ग घेतात.

३ नोव्हेंबरला माझ्या बँकेत गेले. परदेशी दान उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे माणसाने स्वतःचे पैसे देशाबाहेर पाठवायच्या योजनेत, बसतं. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे माझी काळजी नव्हती. ए-२ फॉर्म, पॅन, आणि कारणाचा कोड: परदेशातल्या धर्मादाय संस्थेला दान, एस १३०३. शाखेत हा कोड आधी कुणी वापरला नव्हता. अधिकारी, तिशीतला मुलगा, प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मुलांची फी असती तर दहा मिनिटांत केलं असतं." खातेक्रमांक सिस्टीम घेईना. आमच्याकडे २६ आकडे होते, तिला २८ अक्षरं हवी होती. संध्याकाळी भाच्याने पोलंडला विचारलं तेव्हा कळलं, देशात वापरताना ते लोक पुढचं 'पीएल' लिहीतच नाहीत.

७ तारखेला पैसे गेले, १४४ युरो. १८ ला परत आले. फॉर्मवरच्या लांबलचक पोलिश नावाचा शाखेत संक्षेप केला गेला होता, तिकडच्या बँकेला नाव जुळेना. आधार आणि आयएसबीएनचा अनुभव गाठीशी असूनही मी फॉर्म नीट वाचून सही केली नव्हती. २० ला पूर्ण नाव, पूर्ण पत्ता घालून पुन्हा पाठवले, आणि या वेळी मधल्या बँकांचं शुल्कही माझ्याकडून घ्या असं लिहून दिलं, नाहीतर ते समोरच्याच्या रकमेतून कापतात. २५ ला पोहोचले. पाठवण्याचं शुल्क दोनदा १,१८० आणि परतीत कापले गेलेले १,७४२, मिळून ४,१०२ रुपये माझ्या खिशातून. एवढ्या छोट्या रकमेला हा मार्ग परवडत नाही. संस्था कार्डाने पैसे घेत असेल तर तसंच द्या. ही घेत नव्हती.

पोलंडहून दोन ओळींचं पत्र आलं. वर्गासाठी खडू आणि हिवाळी बूट घेतले म्हणे. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

२७ ला फॉर्मची प्रत आणायला शाखेत गेले तर तो अधिकारी म्हणाला, "मॅडम, ते पुस्तक आहे का एखादं?" पिशवीत होतं. त्याने उभ्याउभ्या अनुक्रमणिका पाहिली आणि थेट सुदान काढलं. त्याचा भाऊ जहाजावर आहे, पोर्ट सुदानला दोनदा जाऊन आलाय, पण घरी काहीच सांगत नाही म्हणाला. मी नको म्हणत असताना त्याने यूपीआयने १५० पाठवले.

हिशेबाची वही मी २५ तारखेलाच लाल रेघ मारून बंद केली होती. आता ३२ प्रती आहेत आणि हे दीडशे रुपये कुठल्या खात्यात लिहायचे ते ठरायचंय.